'नुसता क्रॅक आहे' आणि हाडांबद्दलचे बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी लिहिलं होतं की हाडांबद्दल काहीही विचारा, आणि तुम्ही खरंच मनमोकळं विचारलंत. सगळे मेल वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली, अर्ध्याहून जास्त प्रश्न दुखण्याचे नाहीतच, शब्दांचे आहेत. रिपोर्टवर काहीतरी लिहिलेलं असतं, कुणीतरी घाईघाईत काहीतरी सांगतं, घरी पोचेपर्यंत त्याचं तिसरंच काहीतरी होतं, आणि मग माणूस उगाच रात्रभर जागा राहतो, नाहीतर जिथे खरंच काळजी घ्यायची तिथे निवांत बसतो. मी बरीच वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवते, त्यामुळे नावापाशी थांबायची मला सवयच आहे, म्हणून यावेळी नावांवरच जास्त बोलणार आहे. औषधोपचार तुमचे डॉक्टर ठरवतील, ते इथे नको.

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, सायकलवरून पडला. एक्स-रेत 'ग्रीनस्टिक' आलंय. घरातले सगळे म्हणतात फ्रॅक्चर नाहीये, नुसता क्रॅक आहे, मग प्लास्टर कशाला? काढून टाकलं तर चालेल का? (एक आई)

ताई, प्लास्टर काढू नका, आधी ते. आता शब्दाचं बघू. क्रॅक म्हणजेच फ्रॅक्चर. हाडाची सलगता कुठेही तुटली, केसाएवढी बारीक चीर गेली तरी वैद्यकीय भाषेत ते फ्रॅक्चरच. 'फ्रॅक्चर म्हणजे दोन तुकडे आणि क्रॅक म्हणजे थोडंसं' ही वाटणी आपण बोलण्यात केलेली आहे, पुस्तकात अशी वाटणी नाही.

ग्रीनस्टिक म्हणजे हिरवी फांदी. वाळलेली काडी वाकवली की कट्कन दोन तुकडे होतात, पण झाडाची ओली फांदी वाकवा, एका बाजूने तिची सालं निघतात, धागे तुटतात, दुसरी बाजू मात्र नुसती वाकून तशीच जोडलेली राहते. लहान मुलांचं हाड असंच वागतं. हाडात दोन गोष्टी मुख्य, एक खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक, त्याने हाड कडक होतं, आणि दुसरं कोलॅजन नावाचं प्रोटीन, त्याच्या धाग्यांमुळे हाडाला लवचिकपणा येतो. मुलांच्या हाडात लवचिकपणा जास्त, शिवाय हाडावरचं आवरण, पेरिऑस्टियम, मोठ्यांपेक्षा जाड असतं, म्हणून हाड पूर्ण न तुटता वाकतं. पण वाकलंय ते वाकलंयच ना, आणि आधार नसेल तर ते आणखी वाकू शकतं किंवा उरलेली बाजूही तुटू शकते. प्लास्टर त्यासाठी.

आत काय चाललंय ते त्याला जरूर सांगा, मुलांना हे फार आवडतं. पहिल्या काही दिवसांत तुटलेल्या जागी रक्त गोठून गाठ बनते, मग दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ जोड तयार होतो, त्याला सॉफ्ट कॅलस म्हणतात, पुढे तो कडक होतो, आणि प्लास्टर निघाल्यानंतरही कितीतरी महिने शरीर तो ओबडधोबड जोड घासून घासून पुन्हा मूळ आकाराला आणत राहतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खातात आणि ऑस्टिओब्लास्ट नवीन घालतात. आपल्याला हाड म्हटलं की दगडासारखं मेलेलं काहीतरी डोळ्यासमोर येतं पण त्यात रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत, ते जिवंत आहे म्हणून तर जुळतं.

आणि एक, याच्याच उलट गैरसमज 'सिंपल फ्रॅक्चर'चा आहे. सिंपल म्हणजे किरकोळ नाही, सिंपल म्हणजे वरची कातडी फाटलेली नाही, एवढंच. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं किंवा जखम हाडापर्यंत गेली तर ते कंपाउंड, हल्ली त्याला ओपन म्हणतात, आणि तिथे जंतुसंसर्गाची भीती असते म्हणून धावपळ करायची.

प्रश्न: मी सहावीत आहे. बाळाला ३०० हाडं असतात आणि मोठ्या माणसाला २०६. मग बाकीची कुठे जातात? (शाळेतली मुलगी)

कुठेच जात नाहीत गं, एकमेकांना चिकटतात! म्हणजे एकजीव होतात. जन्मतः साधारण २७० ते ३०० हाडं मोजतात, नक्की आकडा सांगणं अवघड कारण तेव्हा बरंचसं हाड अजून कूर्चाच असतं, कूर्चा म्हणजे तुझ्या कानाची पाळी सोडून वरचा जो भाग लवचिक लागतो ना, त्याच जातीचं काहीतरी.

तुझ्या घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या टाळूकडे बघ, हात जोरात लावायचा नाही, नुसतं बघायचं, ती जागा हलकेच धडधडताना दिसते. तिथे कवटीची हाडं अजून भेटलेलीच नाहीत, मधे नुसता पडदा आहे. जन्माच्या वेळी डोकं अरुंद वाटेतून यावं म्हणून ही हाडं थोडी एकमेकांवर सरकू शकतात आणि नंतर मेंदू वाढायलाही जागा मिळते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची मोठी बहुतेकांची दीड वर्षाच्या आसपास. कवटीवर मग नुसत्या नागमोडी रेषा उरतात, त्यांना सूचर म्हणतात, म्हणजे शिवण. मी पहिल्यांदा कवटी हातात घेतली तेव्हा त्या रेषेवरून बोट फिरवत बसले होते, इतकी बारीक शिवण कुठल्याही शिंप्याला जमायची नाही.

तसंच तुझ्या कमरेचं. खुब्याचं हाड आत्ता तुझ्यात तीन वेगळ्या भागांचं आहे, इलियम, इस्कियम आणि प्युबिस, वयात येताना ते तिन्ही एक होतात. पाठीच्या कण्यात सुरुवातीला ३३ मणके, त्यातले खालचे ५ मिळून सेक्रम होतं आणि अगदी शेवटचे साधारण ४ मिळून माकडहाड, म्हणून मोठ्यांच्या कण्यात मोजायला २६ हाडं. सगळ्यात शेवटी पूर्ण होतं ते गळ्याखालचं कॉलर बोन, म्हणजे क्लॅव्हिकल, पोटात असताना सगळ्यात आधी हाड व्हायला सुरुवात त्याचीच होते आणि त्याचं छातीकडचं टोक पक्कं जुळायला विशी उलटून पंचविशी येते.

प्रश्न: कंबर आणि पाय दुखतो. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला डिस्क बल्ज लिहिलंय. ओळखीचे म्हणतात मणक्यात गॅप पडलाय, शेजारी म्हणतात गादी सरकली, एकजण म्हणाला स्पॉन्डिलायटिस. नक्की काय झालंय मला? (वय ४२, बैठं काम)

तुमचा मेल वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की 'गॅप आणखी वाढू नये म्हणून महिनाभर पडूनच आहे'. नीट समजून घेऊ.

मणक्यांच्या मधे गॅप असायलाच हवी. निरोगी माणसाचा एक्स-रे बघा, दोन मणक्यांच्या मधे छान मोकळी पट्टी दिसते, पण ती रिकामी नसते, तिथे डिस्क म्हणजे गादी असते, ती हाडाची नसल्याने एक्स-रेत दिसत नाही एवढंच. वय वाढतं तशी गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि गॅप *कमी* होते. म्हणजे लोक ज्याला 'गॅप पडला' म्हणतात ते बहुतेक वेळा बरोब्बर उलटं असतं.

आता एल४-एल५. एल म्हणजे लंबर, कमरेचे मणके, ते ५. वर मानेचे ७, त्यांना सर्व्हायकल म्हणून सी, मधे बरगड्या लागतात ते १२ थोरॅसिक म्हणून टी किंवा डी (डी म्हणजे डॉर्सल, पाठीचे). तर तुमची चौथ्या आणि पाचव्या कमरेच्या मणक्यामधली गादी थोडी फुगून बाहेर आली आहे, हाच बल्ज. कमरेवर वरच्या सगळ्या शरीराचा भार येतो म्हणून ही आणि हिच्या खालची एल५-एस१ (एस म्हणजे सेक्रम) या दोन गाद्या सगळ्यात जास्त त्रास देतात. आणि 'सरकली' हा शब्दही फसवा आहे, गादी साबणाच्या वडीसारखी सटकत नाही, ती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं कांद्यासारखं पदरापदराचं आणि आत मऊ गर, कडं कमजोर झालं की गर तिकडे ढकलला जातो, कडं फाटलं तर गर बाहेर येतो, त्याला प्रोलॅप्स किंवा हर्निएशन लिहितात.

तिथून पायाकडे जाणारी नस दाबली गेली तर दुखणं पायात उतरतं. एल४-एल५ ला सहसा एल५ची नस सापडते, मग कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरून अंगठ्याकडे जाते. एल५-एस१ असेल तर टाच आणि करंगळीची बाजू. तुमची कळ कुठून कुठे जाते ते एका कागदावर पायाचं चित्र काढून डॉक्टरांना दाखवा, रिपोर्टपेक्षा जास्त कामाचं आहे ते. कारण काहीच दुखत नाही अशा माणसांचा एमआरआय काढला तरी कितीतरी जणांत बल्ज दिसतो, म्हणजे रिपोर्टवरचा शब्द हेच तुमच्या दुखण्याचं कारण असेल असं नाही.

राहिला स्पॉन्डिलायटिस. स्पॉन्डिल म्हणजे मणका, हे एकदा लक्षात ठेवा आणि शेपटीकडे बघा. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. 'ओसिस' लागलं, स्पॉन्डिलोसिस, तर झीज. 'लिस्थेसिस' म्हणजे घसरणं, एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलेला. तीन वेगळे आजार आहेत आणि बोलताना आपण तिन्हींना स्पॉन्डिलायटिस म्हणून मोकळे होतो. तुमच्या रिपोर्टात तिन्हींपैकी काहीच नाहीये.

महिनाभर पडून राहणं डॉक्टरांनी सांगितलंय का ते आधी विचारा. बहुतेक वेळा झेपेल तेवढं चालतं फिरतं राहायला सांगतात आणि बरेचजण काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. फक्त एक गोष्ट अगदी मनावर कोरून ठेवा. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली, किंवा घोड्यावर बसताना जो भाग खोगीराला लागतो तिथे बधिरपणा आला, किंवा पावलाची शक्ती गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उद्या नाही, त्याच दिवशी. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो आणि खाली नसांचा झुबका जातो, त्याला नावच कॉडा इक्वायना म्हणजे घोड्याची शेपटी आहे, तो दाबला गेल्याची ही खूण असते.

प्रश्न: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मीडियल, लॅटरल, प्रॉक्सिमल, डिस्टल सगळं पाठ केलंय पण हाड हातात दिलं की डावं-उजवंच कळत नाही. मॅडम काहीतरी युक्ती सांगा.

पाठ केलंस तिथेच चूक झाली बघ! हे शब्द पाठ करायचे नसतात, अंगावर दाखवायचे असतात. उभी राहा, पाय जवळ, नजर समोर, हात खाली आणि तळवे *पुढे*. ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन, जगातली सगळी पुस्तकं याच उभं राहण्यावरून लिहिलीत, पेशंट पालथा झोपलेला असो नाहीतर खुर्चीत बसलेला, शब्द याच पोझिशनचे. आता शरीराच्या मधोमध उभी रेघ मान, रेघेकडचं ते मीडियल, लांबचं लॅटरल. हातापायात धडाकडचं टोक प्रॉक्सिमल, बोटांकडचं डिस्टल.

तळवे पुढे का, तर कोपर ते मनगट दोन हाडं आहेत ती तेव्हाच समांतर असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. विसरलीस तर नाडी बघ, आपण नाडी बघतो ती रेडियल आर्टरी, म्हणजे नाडीखालचं हाड रेडियस. आता उजवा कोपर टेबलावर टेकव, डाव्या हाताने कोपराच्या टोकापाशी धर आणि तळवा उलटा कर. कोपराकडचं अल्ना जागेवर आहे आणि रेडियस त्याच्यावरून आडवं फिरून गेलं, जाणवलं? दार उघडताना, किल्ली फिरवताना रोज हे होतं.

डाव्या-उजव्यासाठी प्रत्येक हाडाच्या तीन खुणा शोधायच्या, वर काय, आत काय, मागे काय. फीमर म्हणजे मांडीचं हाड घे, शरीरातलं सगळ्यात लांब. गोल डोकं वर आणि ते आतल्या बाजूला बघणार, कारण ते खुब्याच्या खळग्यात बसतं. मागच्या बाजूला उभी खरखरीत कड, लिनिया अ‍ॅस्पेरा. बस्, डोकं आत, कड मागे धरून स्वतःच्या मांडीला लाव, ज्या पायाला बसलं त्या पायाचं. परीक्षेतही असंच स्वतःला लावून बघ, मी तर लावून न बघणाऱ्या विद्यार्थ्यांनाच हटकते.

आणि नावांना घाबरू नकोस, ज्यांनी ठेवली त्यांना जे दिसलं तेच ठेवलंय. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी ताटली, आपण गुडघ्याची वाटीच म्हणतो की. टिबिया म्हणजे बासरी, ती आपली नडगी. पेल्विस म्हणजे पसरट भांडं. कॉक्सिक्स ग्रीक लोकांना कोकिळेच्या चोचीसारखं दिसलं, आपल्याला त्यात माकड दिसलं. कानातली तीन हाडं तर आपण शाळेतच हातोडा, ऐरण, रिकीब म्हणून शिकतो, त्यातली रिकीब, स्टेपीस, जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. आमच्या सरांनी ती काचेच्या डबीतून माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता, फुंकर लागून उडेल म्हणून.

प्रश्न: बोटं मोडायची सवय आहे. आई म्हणते संधिवात होईल.

होत नाही. सांध्यातल्या वंगणात, सायनोव्हियल फ्लुइडमध्ये, वायू विरघळलेला असतो, सांधा ताणला की दाब कमी होऊन तिथे पोकळी तयार होते तेव्हा तो आवाज येतो, म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा मोडता येत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या एका डॉक्टरांनी ५० वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, दोन्ही हात सारखेच निघाले, त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. मात्र आवाजाबरोबर दुखत असेल किंवा सूज येत असेल तर ती वेगळी गोष्ट, दाखवून घ्या. आईला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी हातावर पडलो. एक्स-रे नॉर्मल, मुरगळलंय म्हणाले. पण बाटलीचं झाकण अजून उघडता येत नाही. किती दिवस वाट बघू?

वाट बघू नका दादा, परत दाखवा आणि 'स्कॅफॉइड बघितलं का?' एवढा एकच प्रश्न विचारा.

अंगठा ताठ वर करा, 'मस्त' म्हणताना करतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या उठून दिसतात आणि त्यांच्यामधे छोटा त्रिकोणी खळगा पडतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. तिथे नेमकं दुखलं तर शंका घ्यायला जागा आहे. मनगटात ८ छोटी हाडं असतात, दोन ओळीत, खडे रचावेत तशी, त्यातलं हे होडीच्या आकाराचं स्कॅफॉइड खळग्याच्या तळाशी असतं. पसरलेल्या हातावर पडलं की मनगटातलं सगळ्यात जास्त वेळा हेच मोडतं, आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढला की दिसते, नाहीतर एमआरआय किंवा सीटी करतात.

एवढं का मागे लागायचं एका छोट्याशा हाडाच्या, तर त्याचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्तवाहिनी मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत शिरते आणि मागे कोपराकडच्या टोकापर्यंत येते. मधे चीर गेली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं, तो जुळत नाही, कधीकधी मरतो, त्याला अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, आणि मग काही वर्षांत अख्खं मनगट झिजतं. मला हे इतक्या कळकळीने सांगावंसं वाटतं कारण माझ्याच भावाचं असं झालं. पडला, मुरगळलं म्हणून पट्टी बांधली, मीही लांबून फोनवर 'होईल बरं' म्हटलं, खळगा दाबून बघ म्हणून सांगायचं मला सुचलं नाही. चार महिन्यांनी कळलं, मग ऑपरेशन, स्क्रू, आणि मनगट अजूनही पूर्ण वाकत नाही.

प्रश्न: कोपर आपटला की करंट लागतो, ते कुठलं हाड?

हाड नाही, नस आहे. अल्नर नर्व्ह, कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून कातडीच्या अगदी खालून जाते, म्हणून झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात.

प्रश्न: वय ७१. एका डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितला, दुसऱ्यांनी ऑस्टिओपोरोसिस. कोण बरोबर? आणि जुने कपडे लांब व्हायला लागलेत, उंची कमी होते का?

आजी, दोघंही बरोबर असू शकतात, ते दोन वेगळे आजार आहेत. 'ऑस्टिओ' म्हणजे हाड, दोन्हीकडे तेच आहे म्हणून गोंधळ. 'आर्थ्रो' म्हणजे सांधा. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांध्यातल्या हाडांच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा झिजते, गुडघे दुखतात, सकाळी उठताना आखडतात, लोक म्हणतात ना गुडघ्यातलं ग्रीस संपलं, ते हेच, पण खरं तर ग्रीस नाही, अस्तर झिजलेलं असतं. ऑस्टिओपोरोसिसमधला 'पोर' म्हणजे छिद्र. हाड आतून जाळीदार असतं, ती जाळी विरळ होते. हे दुखत नाही हीच त्याची मोठी अडचण, हाड मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. मोडतात ती मुख्यतः तीन ठिकाणं, मनगट, पाठीचे मणके, आणि ज्याला आपण खुबा मोडला म्हणतो ते, म्हणजे फीमरची मान. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि झीज वेगाने होते म्हणून बायकांत जास्त, पण पुरुषही सुटत नाहीत.

डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी झाली असेल तर त्यात टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपीनिया म्हणजे थोडी विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. उणे चिन्ह बघायला विसरू नका, उणे ३ हे उणे २ पेक्षा वाईट.

कपड्यांचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना सांगितलंत का? वयाप्रमाणे गाद्या चपट्या होऊन उंची थोडी कमी होतेच, पण तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घट असेल तर एखादा मणका चेपला गेला आहे का ते बघायला पाठीचा एक्स-रे काढतात. असा चेपलेला मणका पुष्कळदा पडल्याशिवायच होतो, खाली वाकून काही उचलताना, आणि कंबर धरली म्हणून आपण सोडून देतो. आज सकाळी उठल्यावर, चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून ताठ उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा. शेजारी तारीख लिहा. सकाळीच करा हं, कारण दिवसभरात गाद्या दबून संध्याकाळी सगळ्यांचीच उंची साधारण एक सेंटीमीटरने कमी भरते. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच वेळी, त्याच भिंतीला.